हिप-हॉप गाणं करताना नावंही लिहीत चला

गाणं झालं, कव्हरचं चित्र झालं, वितरकाच्या (गाणं अ‍ॅपवर पोहोचवणाऱ्या कंपनीच्या) साइटवर फॉर्म उघडला आणि रकाना समोर आला: 'प्रोड्युसर'. नवख्या मंडळींची गाडी हमखास इथे अडते. बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, ज्याने पाठवली तो प्रोड्युसर, की ज्याच्या खोलीत बसून आवाज रेकॉर्ड केला तो? हुकची, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ध्रुवपदाची, चाल एका मैत्रिणीने गुणगुणून दिली होती, तिचं नाव कुठे लिहायचं? मध्यरात्र झालेली असते, सगळे थकलेले असतात, काहीतरी भरलं जातं आणि ते तसंच राहून जातं.

माझ्या पहिल्या गाण्यात असंच झालं. हुक गाणाऱ्या मैत्रिणीचं नाव माझ्याकडून राहिलं. तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण गाणं लागलं की ती गप्प होते हे मला दिसतं. म्हणून या लेखात गाणं कसं करायचं आणि त्यातली नावं कशी लिहायची, हे दोन्ही हातात हात घालून येईल. ही दोन कामं वेगळी केली की दुसरं नेहमी मागे पडतं.

आधी एक कोरं पान

बीटच्याही आधी एक नोंद उघडा. वही चालेल, फोन चालेल, पण गाण्यातल्या सगळ्यांना दिसेल अशी सामायिक फाइल असेल तर फारच छान. वर गाण्याचं तात्पुरतं नाव. खाली प्रत्येक ओळीत तारीख, कोण आणि काय केलं. 'हुकची चाल सुचवली.' 'दुसऱ्या कडव्यातले चार बार लिहिले.' 'हाय-हॅट बदलले.' (बार म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन, हाय-हॅट म्हणजे ड्रमच्या जोड-झांजा.) एवढंच पुरतं. श्रेयावरून होणारी बरीचशी भांडणं लबाडीतून होत नाहीत. सहा महिन्यांनी प्रत्येकाला स्वतःचं काम जरा जास्त स्पष्ट आठवतं, इतकंच.

त्याच पानावर एक गोष्ट ठळक लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि संगीत. दुसरी ध्वनिमुद्रण, म्हणजे त्या रचनेचं हे अमुक एक रेकॉर्डिंग, ज्याला सगळे 'मास्टर' म्हणतात. दोन्हींचे मालक वेगळे असू शकतात, दोन्हींचे पैसे वेगळ्या वाटांनी येतात आणि दोन्हींची श्रेयं वेगळी लिहितात. बीट करणारा माणूस दोन्हींकडे असतो: त्याने संगीत रचलं म्हणून संगीतकार आणि रेकॉर्डिंग घडवलं म्हणून प्रोड्युसर. एकाच कामाची दोन नावं ऐकून नवा माणूस गोंधळतो तो इथेच.

बीट

हिप-हॉपचा जन्मच ड्रमच्या एका तुकड्यातून झाला. न्यू यॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्क यांनी एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवून त्यातला फक्त ड्रमचा भाग, म्हणजे 'ब्रेक', पुन्हा पुन्हा लावायची पद्धत रुजवली. त्यांच्या बहिणीने, सिंडी कॅम्पबेल यांनी, ११ ऑगस्ट १९७३ रोजी ठेवलेली पार्टी हा हिप-हॉपचा वाढदिवस मानतात. तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये चार बारचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, ओढून लांब करता, तेव्हा तेच करत असता.

आधी गती ठरवा. जुन्या बूम-बॅप धाटणीला ८५ ते ९५ बीपीएम (मिनिटाला इतक्या मात्रा) शोभतं. ट्रॅप या नव्या धाटणीला १४० च्या आसपास, पण स्नेअर (ड्रमचा कडक, टणक ठोका) अर्ध्या गतीने पडतो, त्यामुळे मान ७० च्या लयीतच डुलते. चार मात्रांचा एक बार. स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर घट्ट बसवा, किक (ड्रमचा खोल, जड ठोका) पहिल्यावर ठेवून बाकी ठिकाणी खेळवा. सगळं सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या जाळीवर तंतोतंत बसवलं की बीट निर्जीव वाटू लागते. हाय-हॅट केसभर मागे सरकवून ऐका, फरक लगेच कळेल.

८०८ हा शब्द रोज कानावर पडेल. रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनवरून तो आला. १९८० साली आलेलं हे मशीन १९८३ मध्ये बंदही झालं, पण त्याची लांब घुमणारी किक आज बासची जागा घेऊन बसली आहे. ती किक विद्युत परिपथातून निघते, म्हणून तिला स्वतःचा सूर असतो. गाणं एका पट्टीत आणि ८०८ दुसऱ्या, असं नवोदितांच्या बीटमध्ये फार होतं. लहान स्पीकरवर कळत नाही, हेडफोनवर मात्र पोटात ढवळल्यासारखं होतं. तेव्हा ८०८ सुरात लावा, हे पहिल्याच दिवशी अंगवळणी पाडा.

सांगाडा साधा ठेवा: ४ बारची सुरुवात, ८ चं हुक, १६ चं कडवं, पुन्हा हुक, पुन्हा १६, पुन्हा हुक, ४ बारचा शेवट. झाले ६४ बार, म्हणजे ९० बीपीएमला २ मिनिटं ५१ सेकंद. पहिल्या गाण्याला यापेक्षा जास्त लांबी लागत नाही.

आता नावांकडे. बीट येते कुठून, यावर श्रेय ठरतं. तुम्ही स्वतः केली तर प्रश्न नाही. दोघांनी मिळून केली, म्हणजे एकाने पियानोचा लूप पाठवला आणि दुसऱ्याने त्यावर ड्रम बसवले, तर दोघेही प्रोड्युसर. हल्लीच्या गाण्यांत एका बीटखाली तीन-चार नावं दिसतात, त्याचं हे साधं कारण आहे. लूप देणाऱ्याला 'नुसता लूप तर दिला' म्हणून वगळू नका. अनेकदा गाण्याची ओळख त्या लूपमध्येच असते.

ऑनलाइन भाड्याने घेतलेली बीट असेल तर परवान्याचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. त्यात किती वेळा वाजवायची परवानगी आहे, नाव नेमकं कसं लिहायचं आणि रचनेत बीट करणाऱ्याचा वाटा किती, हे दिलेलं असतं. भाड्याची बीट इतरांनाही दिलेली असते. म्हणून आपल्या गाण्यावर व्हिडिओ साइटची आपोआप ओळखणारी यंत्रणा लावायला बहुतेक परवाने मनाई करतात. ती लावली तर त्याच बीटवर गाणाऱ्या अनोळखी माणसाच्या गाण्यावर तुमचा दावा जाऊन पडतो. आणि 'फ्री बीट' असं लिहिलेलं असलं तरी बहुतेकदा ती फक्त बिनव्यावसायिक वापरापुरती मोकळी असते. परवाना, पावती आणि बीट मिळाल्याची तारीख त्या कोऱ्या पानाला जोडून ठेवा.

सॅम्पल

या भागावर मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण हिप-हॉपचं सौंदर्य आणि हिप-हॉपमधला अन्याय दोन्ही इथेच आहेत.

सॅम्पल म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डिंगमधून उचललेला आवाजाचा तुकडा, आणि सॅम्पलर म्हणजे तो साठवून वाजवणारं मशीन. १९८७ साली आलेल्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये एकूण दहा सेकंदांच्या आसपास आवाज मावत असे. जागा वाचवण्यासाठी कलाकार मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या गतीची रेकॉर्ड ४५ वर वाजवून आत घेत आणि मशीनमध्ये पुन्हा खाली उतरवत. त्यातून जो खरखरीत, जाडसर पोत आला तो आज लोक मुद्दाम प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं साधन) लावून आणतात. पुढच्याच वर्षी आलेल्या एमपीसी-६० या मशीनवर सोळा पॅड होते, त्यामुळे तुकडे बोटांनी वाजवता येऊ लागले. दुसऱ्याच्या आवाजाचा तुकडा घेऊन त्याला नवा अर्थ देणं ही खरी कला आहे, आणि ती शिकायलाच हवी.

पण तो तुकडा कुणीतरी वाजवलेला असतो. द विन्स्टन्स या बँडच्या १९६९ च्या एका रेकॉर्डमध्ये ग्रेगरी कोलमन यांनी चार बारचा, जेमतेम सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा वाजवला. 'अमेन ब्रेक' म्हणून तो हजारो गाण्यांत वापरला गेला. कोलमन २००६ मध्ये गेले, आणि त्या सात सेकंदांची रॉयल्टी त्यांच्या हाती कधीच पडली नाही. तुमच्या गाण्याखाली लिहिलेलं एक नाव ही भरपाई करू शकत नाही. पण पुढच्या ड्रमरच्या बाबतीत तेच होऊ न देणं आपल्या हातात आहे.

व्यवहार असा आहे. मूळ रेकॉर्डिंगचा तुकडा उचलला तर दोन परवानग्या लागतात: मास्टरच्या मालकाची आणि रचनेच्या मालकाची, म्हणजे बहुधा प्रकाशकाची. तीच चाल स्वतः पुन्हा वाजवून किंवा गाऊन घेतली तर त्याला इंटरपोलेशन म्हणतात. तिथे मास्टरची परवानगी लागत नाही, रचनेची लागतेच. 'चार सेकंदांपेक्षा कमी असेल तर चालतं' अशी एक समजूत फिरत असते. तिच्यावर अजिबात विसंबू नका. कायद्याचे तपशील देशागणिक बदलतात, पण सेकंद मोजून आपोआप मोकळीक मिळते असं धरून चालणं सर्वत्र धोक्याचं आहे. अमेरिकेत हा धडा १९९१ मध्ये मिळाला. रॅपर बिझ मार्की यांच्या एका गाण्यात परवानगी न मिळता सॅम्पल वापरलं होतं आणि न्यू यॉर्कच्या संघीय न्यायालयाने त्याविरुद्ध निकाल दिला. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी परवानगीशिवाय सॅम्पल घेणं जवळपास थांबवलं.

पहिल्या गाण्यासाठी माझा सल्ला स्पष्ट आहे: ज्याची परवानगी मागता येईल अशाच माणसाचं सॅम्पल घ्या. हार्मोनियम वाजवणाऱ्या मित्राकडून चार बार वाजवून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा, कापा, उलटं करा, गती उतरवा. सॅम्पलचा सगळा आनंद मिळतो आणि श्रेय द्यायला माणूस समोर असतो. तयार सॅम्पल पॅक वापरलात तर पॅकचं नाव आणि फाइलचं नाव नोंदवा. तो लूप आणखी कुणाच्या गाण्यात निघाला तर तुमच्याकडे उत्तर हवं.

शब्द

मराठीत रॅप लिहिताना एक अडचण फार लवकर येते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं. त्यामुळे प्रत्येक ओळ 'आहे', 'नाही', 'होतं', 'गेलं' यावर संपते आणि तेच यमक समजून आपण खूश होतो. आठ बारनंतर ऐकणाऱ्याला कंटाळा येतो. उपाय आपल्याच भाषेत आहे: शब्दक्रम लवचिक आहे, क्रियापद आत ओढा आणि शेवटी नाम किंवा विभक्तीचं रूप येऊ द्या. 'भिंतीवर', 'भीतीवर', 'शिस्तीवर' अशी तीन अक्षरं एकत्र जुळली की यमकाला वजन येतं. मग त्यातला एक शब्द ओळीच्या मधोमध टाका, म्हणजे कानाला अनपेक्षित ठिकाणी ठोका मिळतो.

दुसरं, लिहिलेली अक्षरं मोजू नका, तोंडातून निघतात ती मोजा. 'सरकवत' लिहिताना पाच अक्षरं, बोलताना 'सर-क-वत' असं काहीसं होतं. दीर्घ स्वर स्नेअरवर पडेल अशी ओळ फिरवून पाहा. बीट लावून, कागद बाजूला ठेवून, आधी अर्थहीन बोलांत म्हणा. फ्लो, म्हणजे बोलांची चाल-लय, बसला की शब्द भरा. हुक मात्र उलट्या बाजूने करा: आधी एक ओळ जी लोक शब्दांसकट म्हणतील, मग तिची चाल.

मसुदे खोडू नका, तारखेसह जपून ठेवा. मित्राने एखादी ओळ सुचवली आणि ती गाण्यात राहिली, तर त्या ओळीपुढे त्याचं नाव लिहा. एका शब्दाची दुरुस्ती आणि चार बारचं लेखन यांत फरक आहेच, पण तो फरक कागदावर दिसला तरच शांतपणे ठरवता येतो.

रेकॉर्डिंग

खोली माइकपेक्षा महत्त्वाची. रिकाम्या भिंतींच्या खोलीत महागडा माइकही डब्यात बोलल्यासारखा आवाज देतो. कपड्यांनी भरलेलं कपाट, गाद्या, जाड पडदे यांच्यामध्ये साधा माइक सुरेख चालतो. माइकपासून वीतभर अंतर, मध्ये पॉप फिल्टर. २४ बिट ठेवा आणि सर्वांत मोठा आवाज उणे १० डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन (माइकचा आवाज वाढवणारं बटण) द्या. आवाज फाटला तर मिक्स करणारा काही करू शकत नाही.

मुख्य टेक आधी पूर्ण घ्या. मग डबल, म्हणजे ओळीतले शेवटचे शब्द त्याच लयीत पुन्हा. मग अ‍ॅड-लिब, म्हणजे मधले उत्स्फूर्त हुंकार आणि आरोळ्या. श्वास पुरत नसेल तर चार-चार बार पंच-इन करून, म्हणजे तुकड्यातुकड्याने रेकॉर्ड करून, घ्या, त्यात कमीपणा नाही. टेकना नाव देत चला, नाहीतर 'ऑडिओ ४७' मधून खरा टेक शोधण्यात रात्र जाते.

इथली नोंद: रेकॉर्डिंग कोणी केलं, कुठे केलं, मागचे आवाज कोणाचे. सहज म्हणून खोलीत आलेल्या मित्राने हुकमागे आरोळी दिली आणि ती ठेवली, तर तोही मागच्या आवाजांत येतो.

मिक्स आणि मास्टर

हे स्वतंत्र शास्त्र आहे. पहिल्या गाण्यापुरतं एवढं सांभाळा: आवाजातला ८० ते १०० हर्ट्‌झखालचा भाग कापा, 'स' आणि 'श' टोचत असतील तर ते मऊ करणारं डी-एसर लावा, किक पडते त्या क्षणी ८०८ किंचित दबेल असं करा. मग फोनच्या स्पीकरवर आणि मोनोमध्ये, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, ऐका. शब्द कळले पाहिजेत. हिप-हॉपमध्ये शब्द कळत नसतील तर बाकीची मेहनत वाया जाते.

मिक्स दुसऱ्याला द्यायचं असेल तर प्रत्येक ट्रॅक शून्यापासून सुरू होणारी स्वतंत्र वेव्ह फाइल म्हणून काढा. फाइलच्या नावात बीपीएम आणि पट्टी लिहा, सोबत कच्चा मिक्सही पाठवा. मास्टरिंगमध्ये केवळ मोठ्या आवाजाच्या मागे लागू नका. स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्सच्या (गाणं कानाला किती मोठं वाटतं ते मोजायचं एकक) पातळीवर गाणी समान करून वाजवतं, त्यामुळे चिरडून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं. मास्टर करताना वाद्यसंगीताची प्रत आणि फक्त आवाजाची प्रत काढून ठेवा, पुढे दोन्ही लागतात.

वाटणी, तीही गाणं बाहेर जाण्याआधी

आता रचनेचे हिस्से ठरवायचे. या कागदाला स्प्लिट शीट म्हणतात. हिप-हॉपमध्ये जुना रिवाज असा की अर्धा वाटा संगीताचा, अर्धा शब्दांचा. हा कायदा नाही, बोलणी सुरू करायची जागा आहे. समजा बीट एकाने केली, कडवी दुसऱ्याने लिहिली, हुकची चाल आणि शब्द तिसरीचे. मग ४०, ४० आणि २० असं होऊ शकतं. लूपवाला आणि ड्रमवाला वेगळे असतील तर ते ४० त्यांच्यात विभागले जातात. बेरीज १०० झालीच पाहिजे. ऐकायला बालिश वाटेल, पण १०५ टक्के झालेले कागद मी पाहिले आहेत, आणि तसा हिशेब कोणतीही संस्था नोंदवून घेत नाही.

कागदावर प्रत्येकाचं खरं पूर्ण नाव, रंगमंचावरचं नाव, हिस्सा, तो ज्या रॉयल्टी संस्थेचा (रचनाकारांचे पैसे गोळा करून वाटणारी संस्था) सभासद आहे तिचं नाव आणि त्याचा आयपीआय क्रमांक (रचनाकाराचा ओळख क्रमांक), गाण्याचं नाव, तारीख आणि सह्या. मास्टरची मालकी कोणाची आणि त्यातून प्रोड्युसरला काय मिळणार, हे खाली वेगळ्या ओळीत. रचनेची टक्केवारी आणि मास्टरची टक्केवारी एकाच यादीत कालवू नका.

पैसा येणारच नाही, मग कागद कशाला, असं मित्र म्हणतील. पैसा नसतो तेव्हाच हा कागद पाच मिनिटांत होतो. गाणं चाललं की त्याच पाच मिनिटांना महिने लागतात. म्हणून मिक्स ऐकायला सगळे जमतील त्याच संध्याकाळी सह्या घ्या.

कोणाला काय म्हणायचं

प्रोड्युसर: ज्याच्या निर्णयांतून रेकॉर्डिंगला रूप आलं. हिप-हॉपमध्ये बीट करणाऱ्याला हे श्रेय सरसकट मिळतं. पण नुसती बीट ईमेलने पाठवणारा आणि शेजारी बसून 'ही ओळ परत घे, इथे ड्रम काढू' म्हणणारा, यांत फरक आहे. दुसरा माणूस वेगळा असेल तर त्यालाही प्रोड्युसर किंवा व्होकल प्रोड्युसर म्हणा. को-प्रोड्युसर म्हणजे सोबतीने जबाबदारी घेतलेला. अ‍ॅडिशनल प्रॉडक्शन म्हणजे तयार बीटवर नंतर भर घातलेला: एखादा ब्रिज (हुक आणि कडव्याहून वेगळा, मधला जोडभाग), नवा ड्रम, शेवटचा बदल. एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर प्रकल्प उभा करतो, पैसा किंवा दिशा देतो. एकट्या गाण्यात सहसा या पदाची गरज नसते, आणि मान म्हणून ते वाटू नये असं मला मनापासून वाटतं.

इंजिनिअरची तीन कामं तीन ओळींत लिहा: रेकॉर्डिंग, मिक्सिंग, मास्टरिंग. एकाच माणसाने तिन्ही केली तरी तिन्ही लिहा. त्याला पुढचं काम मिळतं ते या ओळींवरूनच.

'फीचरिंग' फक्त अशा कलाकाराला, ज्याचा आवाज गाण्यात स्वतंत्रपणे उभा आहे आणि ज्याचं नाव शीर्षकाजवळ जाणार आहे. दोघांचा भार समान असेल तर दोघेही मुख्य कलाकार. हे गाणं कोणाच्या प्रोफाइलवर दिसेल ते यावर ठरतं, म्हणून आधी विचारा. वाद्य वाजवणारे, मागचे आवाज, स्क्रॅच करणारा, म्हणजे रेकॉर्ड हाताने पुढे-मागे घासणारा, डीजे, यांची नावं कामासकट. सॅम्पल असेल तर मूळ मालकाने दिलेला मजकूर काना-मात्रा न बदलता. कव्हरचं चित्र काढणारा आणि फोटो घेणाराही विसरू नका.

फॉर्म आणि त्यानंतर

नावाचं स्पेलिंग त्या माणसाकडूनच लिहून घ्या. एकाच कलाकाराची दोन स्पेलिंग गेली तर यंत्रणेला ती दोन माणसं वाटतात आणि अर्धं काम दुसऱ्याच्या नावावर जमा होतं. गीतकार-संगीतकाराच्या रकान्यात खरं पूर्ण नाव, कलाकाराच्या रकान्यात रंगमंचावरचं. रेकॉर्डिंगला ओळखीसाठी बारा चिन्हांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो, तो बहुतेक वितरक देतात. रचनेचा आयएसडब्ल्यूसी क्रमांक वेगळा. तो मिळवण्यासाठी रचना रॉयल्टी संस्थेकडे नोंदवावी लागते, आणि ते काम वितरक आपोआप करत नाही. दोन्ही क्रमांक स्प्लिट शीटवर लिहून टाका.

वर्तुळातला 'सी' आणि वर्तुळातला 'पी' अशा दोन ओळी भराव्या लागतात. 'पी' ध्वनिमुद्रणाच्या मालकाचा. 'सी' कव्हर आणि सोबतच्या मजकुराच्या हक्काचा. शब्दांत शिव्या असतील तर तशी खूण करा, नाहीतर गाणं अडवलं जाऊ शकतं.

सगळ्या भूमिका प्रत्येक वितरकाच्या फॉर्ममध्ये मिळत नाहीत, आणि भरलेल्या सगळ्या प्रत्येक अ‍ॅपवर दिसतीलच असं नाही. म्हणून पूर्ण श्रेयनामावली व्हिडिओखालच्या वर्णनातही टाका. पाठवण्याआधी ती यादी सगळ्यांना एकदा वाचायला द्या आणि 'बरोबर' असं लेखी उत्तर घ्या. गाणं आल्यावर दोन-तीन अ‍ॅपवर श्रेयांचं पान स्वतः उघडून पाहा. चूक दिसली तर वितरकाला त्याच दिवशी लिहा. दुरुस्ती उशिरानेही होते. माझ्या मैत्रिणीचं नाव मी तीन वर्षांनी घातलं, आणि बदल दिसल्यावर पहिला फोन तिला केला.